वांग वेगळा, मुरमाचा डाग वेगळा, दोन्हीला एकच ट्यूब मागू नका

मेडिकलच्या काउंटरवर बसते म्हणून लिहायला घेतलं, कारण तेच तेच बोलून आता तोंड दुखायला लागलंय. आमच्या बेळगाव भागात, खानापूर घ्या, हुक्केरी घ्या, निपाणी घ्या, तोंडावर काळं काही दिसलं की लोक निदान वयावरून करतात. बाई चाळिशीची असली तर वांग आणि कॉलेजची पोरगी असली तर डाग. कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं बंगु म्हणतात, आपली वांग म्हणतात, आणि सगळ्यांना पाहिजे असते तीच ट्यूब, जी शेजारच्या वैनीला आठ दिवसांत 'लागू पडली'.

मुरमाच्या डागाबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांनी भोगलेलं असतं. पुळी आली, नखानं फोडली, पुळी गेली आणि काळा ठिपका राहिला. डास चावला, तेल उडालं, थ्रेडिंगला कातडी सोलवटली, गजकर्ण झालं, काहीही झालं तरी आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला तिथं रंग सोडायची सवयच आहे. खड्डा पडला असेल तर तो विषय निराळा, खड्डा क्रीमनं भरत नाही.

आता बघायचं कसं. सकाळी खिडकीजवळ हातआरसा घेऊन उभं राहायचं, पावडर-बिवडर न लावता. मुरमाचा डाग पुळीएवढाच असतो, कडा कळते, आणि प्रत्येकाची हकीकत तुम्हाला सांगता येते, हा दिवाळीतला, हा लग्नाच्या वेळचा. वांगाला अशी हकीकत नसते. तो कधी आला तेच सांगता येत नाही. दोन्ही गालांच्या हाडांवर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठावर मिशीसारखा, आणि बहुतेक दोन्ही बाजूंना जोडीनं, नकाशासारख्या वाकड्यातिकड्या कडेचा सलग पट्टा. खाज नाही, आग नाही, हात फिरवला तर कातडी गुळगुळीत. वय सोडून एवढं बघितलं तर घरच्या घरी कळतं, मग फार कुणी चुकत नाही.

चुकतात ते पुढं, आणि सगळं पाणी तिथंच मुरतं.

मुरमाचा डाग म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीची खूण. वांग म्हणजे चालू असलेली गोष्ट. दूध उतू गेल्यावर ओट्यावर जो डाग राहतो तो पहिला प्रकार, आणि खाली गॅस चालू आहे नि दूध अजून वर येतंय तो दुसरा. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट म्हणतात त्यांना. मुरमाच्या डागात पुळीच्या सुजेनं त्या पेशी तेवढ्यापुरत्या चिडतात, जास्तीचा रंग टाकतात आणि पुन्हा गप्प बसतात. वांगात त्या गप्प बसतच नाहीत. ऊन, उजेड, बायकांची हार्मोन्स, घराण्यातून आलेला कल, भट्टी-चुलीची धग, ह्यातलं काहीही त्यांना डिवचत राहतं आणि त्या रंग टाकत राहतात.

म्हणून दोन्हीचा हिशोबच वेगळा. मुरमाच्या डागाला पुसायची घाई नको, आधी नव्या पुळ्या बंद करायच्या. पुळ्या चालू ठेवून डागाची क्रीम मागणाऱ्या पोरी रोज येतात, त्यांना मी आधी पुळ्यांचं बघ म्हणते तर त्यांना राग येतो. रात्री वाटाण्याएवढं ॲडापॅलिन, म्हणजे मुरमावरचं जेल, किंवा अ‍ॅझेलेइक ॲसिड, ते पुळी आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि नखं आवरणं. तपकिरी डाग वरच्या थरात असतो, सहा महिने ते वर्षभरात आपोआप फिका होत जातो, औषधानं जरा लवकर. राखाडी-निळसर दिसत असेल तर रंग खोल उतरलाय, त्याला वर्षं लागतात. पण दोन्हीत एकदा गेला की गेला, नवी पुळी आली नाही तर तो डाग परत येत नाही.

वांग परत येतो. हे कुणाला ऐकायचं नसतं. तीन महिने क्रीम लावली, चेहरा स्वच्छ झाला, क्रीम सोडली, एप्रिलच्या उन्हात दोन लग्नं केली की वांग होता तिथं हजर. मग म्हणायचं क्रीम बोगस होती. क्रीम बोगस नव्हती हो, तुम्ही ती डागाची क्रीम समजून लावली. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर गोळीला शिव्या घालत नाही ना आपण? वांग आटोक्यात ठेवायचा असतो. 'कायमचा इलाज' अशी पाटी जिथं लावलीय तिथं चप्पलसुद्धा काढू नका.

ह्याच कारणानं वांगावर जोर लावून चालत नाही. घासणं, स्क्रब, पार्लरचं ब्लीच, कुणीही मारलेलं लेझर, ह्या सगळ्यानं आधीच चिडलेल्या पेशी आणखी चिडतात आणि आधीपेक्षा काळं होऊन बसतं. लेझर-पील करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडं, तेही पहिलं पाऊल म्हणून नाही.

मग पहिलं पाऊल कुठलं? सनस्क्रीन, आणि इथं पण गोंधळ आहेच. मुरमाच्या डागाला बहुतेकदा साधं सनस्क्रीन चालून जातं. वांगाला मात्र नुसत्या एसपीएफच्या आकड्यावर जाऊ नका. एसपीएफ सांगतो कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल, पीए पुढची अधिकची चिन्हं सांगतात यूव्हीए ह्या उन्हातल्याच दुसऱ्या किरणांबद्दल, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. सावळ्या कातडीत हा दिसणारा उजेडही, त्यातला निळा जास्तच, वांग वाढवतो. त्याला अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे ज्या सनस्क्रीनला कातडीसारखा रंग असतो ते, टिंटेड म्हणून मिळतं. गिऱ्हाइकं ते उघडून 'मेकअप आहे की हे' म्हणून परत करतात आणि पांढरं घेऊन जातात, आणि मला प्रत्येक वेळी चुटपुट लागते. दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि गळ्याला मिळून, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. शेंगदाण्याएवढं लावून 'सनस्क्रीनचा काही उपयोग नाही' म्हणू नका.

आणि पावसाळ्यात बंद करायचं नाही. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात आठवडाभर ऊन दिसत नाही, खानापूर भागात तर बघायलाच नको, पण ढगातून आणि खिडकीच्या काचेतून यूव्हीए येतोच. गाडीवरून जाताना स्कार्फ बांधता ते चांगलंच आहे, पण पातळ ओढणीतून उजेड येतो, वरून सनस्क्रीन नाही, आणि तेच कापड दिवसभर गालावर घासतंय. रुंद काठाची टोपी किंवा छत्री मला जास्त पटते. उसाच्या फडात, विटांच्या भट्टीवर, गवंडीकामावर जाणाऱ्या पुरुषांनाही वांग येतो बरं का, त्यांना फक्त कुणी विचारत नाही.

आता त्या ट्यूबकडं येते. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस ह्या अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन (रंग कमी करणारं), ट्रेटिनॉइन (कातडीचा वरचा थर लवकर बदलणारं) आणि एक स्टेरॉइड (सूज दाबणारं) असं तिघांचं मिश्रण मांडलं, ते खरंच काम करतं, आजही डॉक्टर त्याचे सौम्य प्रकार देतात, पण ठरलेल्या आठवड्यांपुरते आणि तपासत-तपासत. आपल्याकडं जी ट्यूब फिरते तिच्यात बहुधा हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के असतं. लोक ती गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्ष-वर्ष लावतात, पावडरच्या आधी, रोज सकाळी! पहिल्या पंधरवड्यात चेहरा असा उजळतो की सगळी गल्ली मागायला येते. मग कातडी पातळ होते, गालावर लाल केशवाहिन्या दिसायला लागतात, बारीक पुळ्या, हनुवटीवर लव, आणि ट्यूब सोडली की दोन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन आग आग. म्हणून परत तीच. डॉक्टर लोकांनी ह्याला नावच ठेवलंय, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. हायड्रोक्विनोन एकटंसुद्धा वर्षानुवर्षं लावलं तर कधी कधी निळसर-काळा रंग कातडीत कायमचा बसतो, म्हणजे जे घालवायला गेलो तेच.

ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, ह्यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. २०१८ मध्ये सरकारनं ही स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी दुकानात 'द्या की हो अक्का, नेहमीचीच आहे' चालू असतं, आणि मी दिली नाही तर पलीकडचा देतो, हे पण खरं. नाव-पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या डब्या तर घरात आणूच नका, काहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ ला अशा क्रीमनं मूत्रपिंडाचे आजार झालेले पेशंट सापडले होते.

गर्भारपणात वांग आला तर घाबरू नका, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचा आपोआप फिका होतो. त्या काळात ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन नको, सनस्क्रीन आणि डॉक्टर म्हणाले तर अ‍ॅझेलेइक ॲसिड. माला-डी सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वांग वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून पर्याय बघा, तांबी आहे, तिच्यात हार्मोन नसतं. आपल्या मनानं गोळी सोडून दुसरंच काही होऊन बसेल. आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा देतात ती गोळी, कमी डोसमध्ये वांगावर चांगली चालते, पण ती रक्त गोठवण्याच्या बाजूची आहे. पायात गाठ झालेली असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर धोका. कुणाचं बघून घेऊ नका.

घरगुतीबद्दल माझं मत कडक आहे. लिंबू, सोडा, टूथपेस्ट, तिन्ही बंद. लिंबू लावून उन्हात गेलात तर नवीन काळे चट्टे उठतात. जायफळ दुधात उगाळून लावायचं आमच्या आज्यांनीही केलं, कुणाला चुरचुरलं नाही तर लावा बापडे, पण चुरचुरलं की थांबा, कारण चुरचुरण्यातूनच सावळ्या कातडीवर नवा डाग पडतो. मसूर डाळीचा लेप लावला तर लावा, खसाखसा चोळून काढू नका. आणि लिव्हर खराब, रक्त अशुद्ध, पोटात उष्णता हे सगळं सोडून द्या. लिव्हरचा आणि वांगाचा काही संबंध नाही.

दोन्हीपैकी काहीच नसणारे पण असतात. मान, काख आणि कपाळाच्या कडा मखमलीसारख्या जाड काळ्या होत असतील तर साबण नको, शुगर तपासा. नेमक्या कुंकवाच्या-टिकलीच्या जागी काळं किंवा पांढरं पडत असेल तर ते कुंकू, ती टिकली बदला. केसांना काळा रंग लावल्यानंतर कपाळ-कानाजवळ राखाडी होत असेल तर तो रंग बंद. लहानपणापासून एकाच डोळ्याभोवती निळसर असेल तर ते वांगाच्या क्रीमनं हलणारं नाही. आणि एखादा तीळ आकार बदलतोय, रक्त येतंय, तर हे वाचत बसू नका, उठा.

बेळगावला सिव्हिलमध्ये स्किनची ओपीडी आहे, खासगी डॉक्टरही आहेत. जाताना पावडर लावून जाऊ नका, वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये शोधून ठेवा, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, संपलेल्या, पिळून चपट्या झालेल्या पण. नाव कुणाच्याच लक्षात नसतं, आणि 'ती पांढरी, हिरव्या टोपणाची' एवढ्यावरून डॉक्टर काय कप्पाळ ओळखणार.