पार्श्वभूमी: आठ पॅडचं पाकीट, पाच दिवसांची पाळी

घरात ‘कावळा शिवला’ यापलीकडे बोलणं जात नव्हतं, त्या काळात नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटरवर गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अभ्यास पॅडचा नव्हता. पण बायकांचं दुखणं अंगावर काढलं जातं, हे त्याने आकड्यांत मांडलं.

तेव्हा वापर जुन्या लुगड्याच्या घडीचा. घडी मुळात वाईट नाही. जुनं सुती कापड चांगलं शोषतं. बिघडतं ते धुण्या-वाळवण्यात. गरम पाण्यात टाकलं की डाग पक्का बसतो. म्हणून आधी थंड पाणी, मग साबण, मग कडक ऊन. उन्हाला नागपुरात तोटा नाही, मे महिन्यात घडी बघता बघता कडकडीत वाळते. पण लाजेपायी ती मोरीत किंवा कपाटामागे टांगली जाते, आणि श्रावणात ओलसरच पुन्हा वापरावी लागते. खाज, पुरळ, बुरशी इथून सुरू होते.

कापूस पिकवणाऱ्या विदर्भात पॅड गावच्या कापसाचे का नाहीत, असं बरेचदा विचारलं जातं. कच्च्या कापसावर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीत उकळून, ब्लीच करूनच तो शोषक होतो आणि त्याने खर्च वाढतो. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये म्हणून लाकडाचा लगदा आणि जेल होणारी पावडर असते.

सरकारी पाकीट आलं २०११ मध्ये. केंद्राच्या योजनेत १०७ जिल्ह्यांत आशाताईंमार्फत सहा पॅड सहा रुपयांना. महाराष्ट्राची ‘अस्मिता’ ८ मार्च २०१८ ला सुरू झाली: जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, वाटप बचत गटांकडून. योजना ग्रामविकास विभागाची, त्यामुळे भर खेड्यांवर. शहरातल्या वस्त्यांसाठी जनऔषधी केंद्रं, म्हणजे स्वस्त औषधांची सरकारी दुकानं उरली; तिथला पॅड २०१८ मध्ये अडीच रुपये होता, ऑगस्ट २०१९ पासून एक रुपया.

आता गणित करून बघा. पाळी पाच दिवसांची म्हणजे १२० तास. आठ पॅड पुरवायचे तर एक पॅड पंधरा तास, सहा असतील तर वीस तास. बदलायला हवा चार ते सहा तासांनी, रात्री फार तर आठ. म्हणजे लागतात अठरा ते पंचवीस, मिळतात निम्म्याहून कमी. उरलेल्या दिवसांना पुन्हा घडीच. ‘पॅड वापरते’ अशी नोंद झालेली मुलगी प्रत्यक्षात दोन्ही वापरत असते, आणि कापड धुण्याचं शिक्षण मात्र पाकीट आलं की बंद पडतं. आमच्या मते योजनांची मोठी चूक हीच.

कराचंही तसंच. २०१७ मध्ये लागलेला १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये माफ झाला. पण माफीबरोबर कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावटही गेली, त्यामुळे पूर्ण १२ टक्के स्वस्ताई शक्यच नव्हती.

वापर वाढला आणि कचऱ्याचा प्रश्न पुढे आला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. पिशवी नसेल तर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, बाकी कचऱ्यापासून वेगळं. संडासात टाकलेला पॅड पाणी पिऊन फुगतो आणि नळी तुंबवतो. शाळेतल्या पॅड जाळण्याच्या यंत्राला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. त्याखाली प्लास्टिकचा थर नुसता धुमसतो, धूर वर्गात येतो आणि शेवटी यंत्राला कुलूप लागतं. शाळेने यंत्र घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तापमान किती गाठतं, धुराडं छताच्या वर जातं का, आणि राखेचा ट्रे कोण रिकामा करणार.