विद्यार्थी-संचालित पालकसभा

वर्गात काय शिकलो, कुठे अडलो आणि पुढे काय करायचे, हे विद्यार्थ्याने आपल्या कामाचे नमुने दाखवून पालकांना सांगण्याची पद्धत. नेहमीच्या पालकसभेत शिक्षक बोलतात, पालक ऐकतात आणि ज्याच्याबद्दल बोलणे चालते ते मूल बाजूला मान खाली घालून उभे असते. इथे बोलायचे ते मुलानेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाला आणि सहाध्यायींच्या मूल्यमापनाला जागा आहे. ही सभा त्याला चांगली पूरक ठरते.

तयारी तीन आठवडे आधी सुरू होते. मूल आपल्या वह्यांतून चार ते सहा नमुने निवडून संचिकेत लावते. पहिली-दुसरीला तीन पुरेत. त्यांत एक आवडते काम, एक अजून न जमलेले, आणि एक चुकून मग सुधारलेले असावे. सुधारलेल्या कामाची पहिली प्रत फाडू देऊ नये, कारण नुसत्या सुवाच्य प्रतीतून उत्तर कळते, शिकणे कळत नाही. चौथीतल्या मुलाने ५०० − २६८ चे उत्तर आधी ३६८ लिहिलेले असते: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केलेला. आजीसमोर तो काड्यांचे गठ्ठे सोडतो, पाच शतकांची चार शतके, नऊ दशके आणि दहा सुट्या करून २३२ काढतो, आणि मग आजीलाच ७०० − ३४५ घालतो. एवढे जमले की शिक्षकाला त्यात भर घालायची गरज उरत नाही.

निवड मुलाचीच हवी. विश्वामित्री नदीतल्या मगरींचा तक्ता कितीही देखणा असला, तरी तो आईने रंगवला असेल तर संचिकेत नको. पहिल्याच प्रश्नाला मूल गप्प होते. प्रत्येक नमुन्यामागे तारखेची चिठ्ठी लावावी: आधी काय येत नव्हते, आता काय येते. वर्गमित्रासमोर दोनदा सराव पुरतो. त्याहून जास्त झाला तर पाठांतर होते.

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. वही गुजरातीत किंवा इंग्रजीत, आणि दांडिया बाजारातली आजी ऐकणार मराठीत. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हणून भागत नाही, अर्थ कळलेला असावा लागतो. म्हणून एक सराव घरच्या भाषेत, शक्यतो मराठी घरातल्याच मित्रासमोर करून घ्यावा. शाळेतला ल.सा.अ. घरी लसावि होतो, अशा जागी मूल अडखळते.

एका कुटुंबाला वीस मिनिटे: बारा मुलाची, पाच पालकांच्या प्रश्नांची, तीन पुढच्या उद्दिष्टाची. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार कुटुंबे बसवली आणि मध्ये पाच मिनिटे ठेवली, तर चाळीस मुलांना चार तास पाच मिनिटे लागतात. दोन दिवसांत विभागलेले बरे. नवरात्रात सभा ठेवू नये. गरब्याच्या रात्रींनंतर मुलेही पेंगतात, पालकही.

बिघडते ते बहुधा मोठ्यांमुळे. शिक्षक मध्येच वाक्य पुरे करतात, पालक ‘मार्क किती?’ विचारतात किंवा ताईशी तुलना करतात. आमंत्रणासोबतच तीन प्रश्न छापून द्यावेत: हे कसे केलेस, कुठे अडलास, आता काय करणार? शिस्तीच्या तक्रारी वेगळ्या दिवशी बोलाव्यात. उद्दिष्टही नेमके हवे. ‘जास्त अभ्यास करीन’ यातून काही हाती लागत नाही. ‘शून्य असलेल्या पाच वजाबाक्या रोज, काड्यांशिवाय’ हे तीन आठवड्यांनी तपासता येते, आणि ते मुलासोबत बसून तपासावे.

रोजंदारीवरच्या पालकांसाठी एक फेरी संध्याकाळी ठेवावी. काका, मोठी बहीण, शेजारच्या काकू, कोणीही ऐकायला चालते. कोणीच आले नाही तर मुख्याध्यापकांनी किंवा दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांनी त्या मुलासमोर बसावे, पूर्ण वीस मिनिटे, त्याच दिवशी.