जुनं घर पाडायचंय? कुदळीआधी हे कागद जमवा

मे संपत आला की जळगावच्या जोशी पेठेत, जुन्या धुळ्याच्या गल्ल्यांत धोकादायक घरांच्या नोटिसा दारावर चिकटू लागतात. नोटीस लागली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, उद्याच जेसीबी बोलवू. दुसरा म्हणतो, पाडलं की जागा हातची गेली. दोघंही अर्धे बरोबर असतात, म्हणून हा लेख.

आधी नोटीस नीट वाचा. जळगाव आणि धुळे या महापालिका, तिथे महापालिका अधिनियमाचं कलम 264 लागतं. अमळनेर, भुसावळ, चोपडा, नंदुरबार इथे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 195. दोन्हींचा आशय एकच: घर पडण्याच्या बेतात असेल तर दुरुस्त करा, उतरवा किंवा रिकामं करा. नेमकं काय करायचं हे इमारतीच्या वर्गावर ठरतं. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2बी म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. नुसती ‘धोकादायक’ अशी मोघम नोटीस आली असेल तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडून लेखी वर्ग मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीची अशी तपासणी करून घेणं कायद्याने मालकावर किंवा तिथे राहणाऱ्यावर आहे. आपल्याकडे ती कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

ही नोटीस म्हणजे नवीन बांधायची परवानगी नव्हे. शिवाय 1966 च्या नगररचना अधिनियमात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत घर पाडणंही येतं. म्हणजे नोटीस नसताना स्वखुशीने पाडायचं असेल, तरी आधी अर्ज हवाच.

आता खरा घोळ, प्रॉपर्टी कार्ड. घरपट्टीची पावती पंचवीस वर्षं तुमच्या नावाने फाटत असेल, पण घरपट्टी मालकी ठरवत नाही. सिटी सर्व्हे झालेल्या भागात भूमी अभिलेखचं मालमत्ता पत्रक, म्हणजेच हे प्रॉपर्टी कार्ड, बघितलं जातं. आमच्या अमळनेरच्या घराचं पत्रक काढलं तेव्हा त्यावर पणजोबा होते. पणजोबा जाऊन साठ वर्षं झालेली. क्षेत्र 86 चौरस मीटर, आणि टेपने मोजलं तर 91. ते पाच चौरस मीटर कुठून आले हे सांगणारं कुणी हयात नव्हतं. बहुधा मागच्या बोळातून. आमच्या मिस्तरीने तेव्हा अहिराणीत ऐकवलं होतं, ‘‘घर पाडाले एक दिन लागस, कागद गोया (गोळा) कराले वरीस.’’ आम्हाला चौदा महिने लागले.

पत्रकावर तीन गोष्टी बघा: धारकाचं नाव, क्षेत्र आणि सत्ता प्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते. सत्ता प्रकार ‘ब’ असेल तर ती शासनाने शर्तीवर दिलेली जागा असते आणि वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते. नाव मयताचं असेल तर वारस नोंदीचा अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, वंशावळीसह प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची ओळखपत्रं. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात. क्षेत्रात फरक असेल तर मोजणी मागवा. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत पुढे बांधकाम अर्जाला लागतेच.

वंशावळीत बहिणी गाळू नका. आपल्याकडे ‘ती सासरी आहे, तिचं काय’ असं सहज म्हटलं जातं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. शंभर रुपयांच्या स्टँपवर घरी घेतलेली सही पुढच्या पिढीत भांडण म्हणून परत येते.

इथेच जमिनी गोळा करणारे शिरतात. एका पुतण्याला पैशांची नड असते, त्याचा अविभक्त हिस्सा बाहेरचा माणूस घेतो. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. घर खंगत ठेवलं की उरलेले आपोआप कंटाळतात. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पत्रे ठोकून वर्षानुवर्षं पडून असलेल्या जागा बघा, त्यातल्या बऱ्याच अशाच जमलेल्या. कायदा मात्र एवढा पांगळा नाही. राहत्या एकत्र घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 44 प्रमाणे त्याला तुमच्यासोबत त्या घरात राहण्याचा ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या वाटणी कायद्याचं कलम 4 कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेण्याची मुभा देतं. घर मात्र उभं पाहिजे. कलम दोन्ही ‘राहत्या घरा’बद्दल बोलतात, घाईने मोकळा प्लॉट करून ठेवलात तर त्यांचा जोर स्वतःच घालवून बसाल.

भाडेकरू असेल तर आणखी सबुरी. मालकाला पाडून नवीन बांधण्यासाठी ताबा मागता येतो, पण न्यायालय 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार बघतं की पैसा हाताशी आहे का, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे का. हमीही द्यावी लागते: नव्या इमारतीत भाडेकरूला पाच टक्क्यांच्या फरकाने तेवढंच चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), ताबा मिळाल्यावर एका महिन्यात पाडकाम सुरू, तीन महिन्यांत पूर्ण, पंधरा महिन्यांत इमारत उभी. आणि घर पडलं की भाडेकरू सुटला, हा पारावरचा समज सोडा. पालिकेने इमारत पाडली तरी भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं आहे. भाडेकरूंनी भाडेपावत्या, वीजबिलं आणि खोलीच्या मापाचा कागद जपावा. मालकांनीही तोच कागद जपावा, कारण जुन्या भाडेकरूंच्या इमारतीला मिळणारा वाढीव एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) मागताना जुनं क्षेत्र आणि भाडेकरूंची यादी सिद्ध करावी लागते. मलबा उचलल्यावर काय मोजणार?

बांधकामाचा अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो. नियम डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचे. सोबत तीन महिन्यांच्या आतलं मालमत्ता पत्रक असलेलं बरं, मोजणीची ‘क’ प्रत, सगळ्या सहधारकांचं संमतीपत्र, थकबाकी नसल्याचा कर विभागाचा दाखला, जुन्या आणि नव्या इमारतीचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं हमीपत्र. पेठेतल्या घरांना रस्तारेषेचा फटका बसतो; रुंदीकरणात किती जागा जाते हे नकाशा काढण्याआधीच नगररचना विभागात विचारा, आणि गेलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय मिळतो तो मागायला विसरू नका. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळाली असं, धरण्याची तरतूद आहे, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. तिच्या भरवशावर पाया खणू नका.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची परवानगी, हातात आलं की मगच पाडकाम. चारही बाजूंनी, आतून, माडीवरून तारखेसह फोटो काढा. महावितरणकडे मीटर कायमस्वरूपी बंद करण्याचा अर्ज द्या, नळजोडणी थांबवा. पाडून झाल्यावर कर विभागाला लेखी कळवा, नाहीतर नसलेल्या माडीची घरपट्टी येत राहते. मोकळ्या जागेचा कर तरीही लागतो.

मधल्या भिंतीचं काय? आपल्या पेठांतली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. आमच्या घराची पूर्वेची भिंत मातीची, दीड हात जाडीची. प्लास्टर खरवडलं तर आत शेजारच्या काकांच्या सागवानी सरांची (छपराच्या आडव्या लाकडांची) पाच टोकं रुतलेली दिसली. भिंत ओढली असती तर त्यांचं धाबं आमच्या अंगणात उतरलं असतं. त्यांच्या बाजूने आधी लोखंडी टेकू दिले, दोघांच्या सहीचा पंचनामा केला, मगच कुदळ लावली. शेजाऱ्याला असा आधाराचा हक्क असतो, मोडला तर भरपाई द्यावी लागते.

‘सागवानाच्या बदल्यात फुकट पाडून देतो’ म्हणणारा ठेकेदार हमखास भेटेल. सातपुड्याच्या जुन्या सागाला आजही चांगलं गिऱ्हाईक आहे. खांब, तुळया, कड्या मोजून यादी करा, दोन ठिकाणी भाव विचारा, मग फुकट कोण देतंय ते कळेल.

विकासकाला जागा देणार असाल तर करारनामा नोंदणीकृत करा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागते, तो क्रमांक बघा. आणि करारात एक ओळ घालून घ्याच: प्रारंभ प्रमाणपत्र आणि पर्यायी घराचं सहा महिन्यांचं भाडं हाती पडल्याशिवाय जुनं घर रिकामं करणार नाही. आमच्या गल्लीत एकाने ती ओळ घातली नव्हती. त्याच्या जागेवर आज पत्रे आहेत, आणि तो भाड्याच्या घरातून त्याच जागेची घरपट्टी भरतोय.