मकरपुऱ्यातलं कार्ड भावनगरहून का येतं

गेल्या श्रावणात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका दुरुस्तीच्या दुकानात मी एक इनपुट कार्ड, म्हणजे यंत्राच्या नियंत्रकात सेन्सरचे सिग्नल घेणारी पाटी, उलटंपालटं करून पाहत होतो. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग, आणि मागे जाड मार्करने कुणीतरी लिहिलेलं : ‘ई. आर. फॅन ३’. ई. आर. म्हणजे इंजिन रूम. कार्ड आलं होतं भावनगरहून, एका मोडलेल्या जहाजातून, आणि जाणार होतं नंदेसरीच्या रंगाच्या कारखान्यात. दुकानाचे मालक दांडिया बाजारातले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी विचारलं, “काका, चालेल का हे?” ते म्हणाले, “अरे, आधी धुऊन तर बघू.”

बडोद्याच्या कारखान्यासाठी समुद्रावरचं कार्ड का शोधावं लागतं, याचं उत्तर साठ वर्षांत पसरलेलं आहे.

कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने उभी राहिली आणि १९६५ साली सुरू झाली. १९६७ मध्ये जीएसएफसीचं खत निघू लागलं, १९६९ मध्ये आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीची स्थापना झाली. त्या काळी प्रोसेस प्लँट चालायचे हवेवर. ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा बारीक तांब्याच्या नळीतून कंट्रोल रूमपर्यंत जायची आणि तिथून परत व्हॉल्व्हवर यायची. सुरुवात शून्यापासून नसून तीनपासून, म्हणजे नळी तुटली तर लगेच कळतं. पुढे विजेच्या सिग्नलनेही हीच युक्ती उचलली, म्हणून तो ४ ते २० मिलिअँपिअरचा. पण स्पेअरच्या दृष्टीने हवेची गंमत वेगळी होती. नोझल तुंबलं तर बारीक तारेने साफ करायचं, त्याच्यासमोरची पट्टी, फ्लॅपर, वाकली तर सरळ करायची, डायफ्रॅम फाटला तर रबरवाल्याकडून कापून आणायचा. बडोद्यात असं काम करणारे हात होतेच. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं तेव्हापासून इथे लेथ आणि फाइल यांना कमी लेखायची पद्धत नव्हती. सुटा भाग मिळाला नाही तर तो बनवायचा, यात कुणाला विशेष वाटत नसे.

रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचच्या, पॅनेलचंही तसंच. कॉइल जळली तर दुसऱ्या कंपनीचा रिले बसवा, फार तर बेस बदला.

हे सगळं बदललं ते अमेरिकेतल्या मोटारींमुळे. दरवर्षी मॉडेल बदललं की रिलेची भलीमोठी पॅनेलं नव्याने वायर करावी लागत. त्याला कंटाळून १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेऐवजी काहीतरी प्रोग्रॅम करता येईल असं मागितलं. डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने जे यंत्र दिलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. वायरिंगची जागा प्रोग्रॅमने घेतली आणि पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, जन्माला आला. १९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम आली आणि मोठ्या प्लँटसाठी डीसीएसचं, म्हणजे अख्खा प्लँट सांभाळणाऱ्या नियंत्रकांच्या जाळ्याचं, युग सुरू झालं. पीएलसीमध्ये सीमेन्सची एस५ मालिका १९७९ची, ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ १९८६चा. ही दोन नावं आजही गुजरातच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत कानावर पडतात.

पण पॅनेलमधली अक्कल एकदा प्रोग्रॅममध्ये गेली की ती लेथवर बनत नाही. कार्डाच्या पुढचा कनेक्टर, कार्डांना एकमेकांशी जोडणारा मागचा बस, आतला कायमचा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, सगळं एकाच कंपनीचं. कार्डावरचं शेवटचं अक्षर चुकलं तरी कार्डं बसवायचा रॅक ते घेईलच असं नाही. हवेच्या काळात आपण कुणाचे बांधील नव्हतो. पीएलसीने आपल्याला एका कॅटलॉगशी बांधून टाकलं.

१९९१ आधी तर या बंधनाला आयात परवान्याचीही गाठ होती. एक कार्ड मागवायचं म्हणजे अर्ज, परवाना, परकीय चलन, कस्टम्स. तोवर प्लँट बंद ठेवणार कोण? म्हणून चिपच्या पातळीवर दुरुस्ती करणारी पिढी तयार झाली. सिग्नल प्रकाशातून पुढे नेणारा ऑप्टोकप्लर बदल, ट्रान्झिस्टर बदल, ट्रॅक उडाला तर बारीक तार टाक. काका त्या पिढीतले. उदारीकरणानंतर युरोपातली वापरलेली यंत्रं स्वस्तात येऊ लागली, पॅकिंगची, कापडाची, प्लास्टिकची, आणि त्यांच्या पोटात एस५ असायचा. प्रोग्रॅम जर्मनमध्ये. ‘यू ई २.३’ अशी ओळ दिसली की नवा मुलगा चक्रावतो. यू म्हणजे ‘उंड’, आणि. ई म्हणजे ‘आइनगांग’, इनपुट. एवढं कळलं की अर्धा प्रोग्रॅम वाचता येतो, उरलेला अर्धा यंत्राकडे बघून.

मग कंपन्यांनी ही पिढी मागे टाकली. १९९०च्या दशकाच्या मध्यात सीमेन्सचा एस७ आला आणि एस५ हळूहळू कॅटलॉगच्या बाहेर गेला. पीएलसी-५ २०१७ मध्ये बंद झाला. मधे १ जुलै २००६ला युरोपात शिशाच्या सोल्डरवर निर्बंध आले. औद्योगिक नियंत्रण उपकरणांना त्यातून २०१७ पर्यंत सूट होती, पण चिप बनवणाऱ्यांनी दोन-दोन प्रकारची लाइन कशाला चालवायची? जुन्या चिपच बनेनाशा झाल्या, मग कार्ड कुठून बनणार? आपल्याकडेही, सोव्हिएत साहाय्याने १९६४ मध्ये उभी राहिलेली कोट्याची इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड २०१७ मध्ये बंद झाली.

इथे भावनगर येतं. भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं मोडली जातात. मोडायला येणारं जहाज बहुधा पंचवीस-तीस वर्षांचं असतं, म्हणजे त्याच्या इंजिन रूममधली कार्डं नेमकी त्याच पिढीची, जी आमच्या प्लँटमध्ये मरायला टेकलेली असते. पत्रा रोलिंग मिलला जातो आणि पीएलसी, सेन्सर, पॉवर सप्लाय भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे. तिथून ते जगभर विकले जातात. आपल्याला मात्र खंभातच्या आखाताला वळसा घालून एका दिवसात जाऊन येता येतं. दुकानदार कार्ड पुढे सरकवतो आणि म्हणतो, “शेठ, चालू माल छे.” आपल्या मराठीत चालू माणूस म्हणजे कसा, ते त्याला ठाऊक नसतं, पण तो अर्थही कधी कधी खरा ठरतो. चिपवरचा जुना छाप घासून नवा मारलेला असतो. काका कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन छाप पुसून बघतात. खोटा रंग बोळ्यावर उतरतो.

सीलबंद पाकिटातला माल म्हणजे खात्रीचा, हाही भ्रमच. वीस वर्षं कपाटात पडलेल्या पॉवर सप्लायला एकदम २३० व्होल्ट दिले तर आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटू शकतो, कारण न वापरता त्याच्यातला ऑक्साइडचा थर पातळ होतो. आधी डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज चढवायचं. जे चालू असतात तेही वाळतात. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, आणि मे महिन्यातल्या बडोद्याच्या बंद पॅनेलमध्ये किती अंश असतील ते हात लावून बघावं. प्रोग्रॅम साठवणाऱ्या जुन्या ईप्रॉम चिपला काचेची खिडकी असते, प्रोग्रॅम पुसायचा तर तिच्यातून अतिनील प्रकाश सोडायचा. तिच्यावरचा कागद निघाला असेल तर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावणं हेसुद्धा मेंटेनन्सच.

एवढं करूनही माझी फजिती झाली ती कार्डामुळे नव्हे. एका कारखान्यात दिवाळीच्या सुट्टीत मी नियमाप्रमाणे मेन स्विच पाडला. वीज गेल्यावर प्रोग्रॅम टिकवणारी एस५ची बॅटरी संपलेली होती, लाल दिवा महिनाभर पेटत होता, कुणी लक्ष दिलं नव्हतं. मीही नाही. बॅटरी बदलायची ती वीज चालू असताना, हे मला पाठ होतं, पण दिवा बघितला नाही. प्रोग्रॅमची प्रत ठेवायच्या मेमरी मॉड्यूलचा खणही रिकामा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी स्विच टाकला तर सीपीयू ठीक, सगळी कार्डं ठीक, आणि प्रोग्रॅम नाही. यंत्र बनवणारी परदेशी कंपनी कधीच बुडालेली. वायरिंगच्या पिवळ्या पडलेल्या नकाशावरून आणि दोन म्हाताऱ्या ऑपरेटरांच्या आठवणीवरून प्रोग्रॅम परत लिहिला, अकरा दिवस लागले. “हा व्हॉल्व्ह उघडला की मी चार मोजायचो, मग पंप,” असं एकाने सांगितलं. ते चार मोजणं म्हणजे टायमर होता.

तेव्हापासून मी सीपीयूची बॅटरी आणि डॉसवाला जुना लॅपटॉप सारख्याच काळजीने सांभाळतो. एस५चा प्रोग्रॅमिंग पोर्ट २० मिलिअँपिअरच्या करंट लूपचा, त्याला कन्व्हर्टर केबल लागते आणि सीरियल पोर्टही. आजच्या लॅपटॉपला तो नसतो. स्पेअर म्हणून लोक कार्डं जमवतात, केबल कुणी जमवत नाही.

नंदेसरीचं कार्ड काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, पट्ट्या पेन्सिलच्या रबराने घासल्या, दोन ऑप्टोकप्लर बदलले आणि रात्रभर टेस्ट रॅकवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ते बसवलं. मागचा मार्कर मात्र पुसला नाही. तिथल्या ऑपरेटरने कार्ड लावताना तो वाचला होता; आता तो रिअ‍ॅक्टरमधल्या ढवळणीला, स्टररला, ‘तीन नंबरचा पंखा’ म्हणतो, आणि लॉगबुकातही तसंच लिहितो.