टॅक्स ऑडिट आणि सीएची आचारसंहिता : पार्श्वभूमी

टॅक्स ऑडिट म्हणजे ठराविक मर्यादेवरील व्यवसायांच्या हिशेबांची प्राप्तिकरासाठी होणारी सक्तीची तपासणी. तिच्यासाठी सनदी लेखापालाची (सीएची) नेमणूक करतो अशील आणि मानधन देतो तोही अशीलच. मात्र अहवाल तयार होतो तो प्राप्तिकर खात्यासाठी. सीएंच्या व्यावसायिक नीतिमत्तेवरून आज जे वाद होतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ या रचनेत आहे. ती एकाच वेळी विचारपूर्वक उभारलेली नाही. आचाराचे नियम १९४९ चे आहेत आणि टॅक्स ऑडिटची सक्ती १९८४ ची. मधल्या पस्तीस वर्षांत सीएच्या कामाचे स्वरूप पुष्कळ बदलले.

भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये आला, परंतु लेखापरीक्षकाचा पेशा वाढला तो कराच्या नव्हे, तर कंपन्यांच्या आधाराने. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला प्रांतिक सरकारचा दाखला आवश्यक केला. मुंबई सरकारने १९१८ मध्ये ‘गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ ही पदविका सुरू केली, आणि १९३२ च्या नियमांनंतर सूत्रे केंद्राकडे जाऊन ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ हा वर्ग तयार झाला. स्वातंत्र्यानंतर सनदी लेखापाल अधिनियम झाला; तो १ जुलै १९४९ पासून अमलात आला आणि त्याच दिवशी ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ ही संस्था अस्तित्वात आली.

या अधिनियमाच्या दोन परिशिष्टांत व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे. जाहिरात करून कामे मिळवणे, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घेणे, अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना बाहेर देणे आणि कामात घोर निष्काळजीपणा करणे हे सारे त्यात येते. ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः कंपनीचा लेखापरीक्षक असावा, असे ती वाचताना वाटते. कंपनीत हिशेब संचालकांचे असतात आणि लेखापरीक्षक नेमतात भागधारक, म्हणजे ज्याचे काम तपासायचे तो आणि नेमणूक करणारा हे निदान कागदावर तरी वेगळे असतात. एकट्या मालकाच्या पेढीत किंवा भागीदारीत हा भेदच उरत नाही.

नेमक्या याच पेढ्यांकडे करव्यवस्थेचे लक्ष गेले. माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या अध्यक्षतेखालील प्रत्यक्ष कर चौकशी समितीने १९७१ च्या अहवालात काळ्या पैशाचा विचार करताना ठराविक मर्यादेवरील व्यवसायांना लेखापरीक्षण सक्तीचे करावे अशी शिफारस केली. पुढे चोक्सी समितीनेही तोच मार्ग सुचवला. अखेर १९८४ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात कलम ४४एबी घातले. व्यापाराची उलाढाल ४० लाख रुपयांहून आणि व्यावसायिकाची मिळकत १० लाखांहून अधिक असल्यास सीएचा अहवाल बंधनकारक झाला. किरकोळ पडताळणीत जाणारा अधिकाऱ्यांचा वेळ वाचावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. हे काम फक्त सीएंनाच का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

अहवालासोबतचा ‘३सीडी’ हा नमुना पाहिला म्हणजे जबाबदारी किती बदलली ते कळते. मर्यादेबाहेर रोखीने दिलेली रक्कम, रोख घेतलेली कर्जे, नातेवाइकांना केलेली देणी, उशिरा भरलेला भविष्यनिर्वाह निधी असा एकेक तपशील त्यात नोंदवावा लागतो. ताळेबंदावर मत देणे वेगळे आणि ज्याने आपल्याला नेमले त्याच्याच कसुरीची यादी खात्याच्या हाती देणे वेगळे. हे दुसरे काम आचारसंहितेत मागाहून बसवावे लागले.

त्यातला पहिला ठोस उपाय संख्येचा होता. मुदतीच्या तोंडावर शेकडो अहवालांवर सह्या होऊ लागल्यास तपासणीला काय अर्थ उरणार, हे ओळखून संस्थेने १९८९ पासून एका सदस्याने वर्षात किती टॅक्स ऑडिट करावीत यावर मर्यादा घातली. सुरुवातीस ती ३० होती, नंतर ४५ आणि पुढे ६० झाली. व्यवसायस्वातंत्र्यावर हे अतिक्रमण आहे, अशी तक्रार मर्यादा ओलांडणाऱ्या सीएंनी न्यायालयात मांडली. १७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा योग्य ठरवली, परंतु ती १ एप्रिल २०२४ पासूनच लागू धरून आधीच्या शिस्तभंगाच्या कारवाया रद्द केल्या. निकालाचा हा दुसरा भाग थोडा उदार वाटतो. तत्त्व मान्य झाले, पण मागची चूक माफ झाली.

कायद्यातील थेट शिक्षा मात्र फार उशिरा आली. टॅक्स ऑडिट वेळेत न केल्याचा दंड करदात्यावर असे. चुकीची माहिती देणाऱ्या लेखापालावर प्रत्येक अहवालामागे १०,००० रुपयांचा दंड २०१७ मध्ये कलम २७१जे मधून आला. बनावट सह्यांना आळा घालण्यासाठी २०१९ पासून प्रत्येक अहवालाला यूडीआयएन हा स्वतंत्र क्रमांक सक्तीचा झाला. दरम्यान उलाढालीची मर्यादा एक कोटीवर गेली, आणि ज्यांचे रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत आहेत त्यांच्यासाठी दहा कोटींवर. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची तरतूद कलम ६३ मध्ये आली आहे.

गोपनीयतेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्याचे संरक्षण आहे. सीएने पाळायचे गुपित मात्र मुख्यतः १९४९ च्या परिशिष्टावर उभे आहे, आणि कायद्याने माहिती मागितल्यास तिथेच सूट दिलेली आहे. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने अशिलाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, त्याच्या पैशाचे व बँक खात्यांचे व्यवस्थापन किंवा कंपनीची उभारणी करणारे सीए मनी लाँडरिंग (गैरमार्गाचा पैसा वैध भासवणे) प्रतिबंधक कायद्याखाली आले. अशिलाची ओळख पडताळणे, नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले. लेखापरीक्षण आणि रिटर्न भरणे ही कामे त्या यादीत नाहीत, परंतु लहान शहरांतील अनेक कार्यालयांत एकाच अशिलाची ही दोन्ही प्रकारची कामे एकाच टेबलावर होतात.