मत आहे, मतदान नाही

२३ नोव्हेंबर २०२४. शनिवार, सकाळी आठ. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी सुरू झाली तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिथल्या मराठी घरांना याहून सोयीची वेळ मिळाली नसती: उद्या ऑफिस नाही, मुलं झोपलेली, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला कल पुण्यातल्या कुणी टाकला नाही, पुण्यात अजून दूध तापत होतं. तो टाकला एडिसनच्या आतेभावाने. दहा मिनिटांत त्याने आघाड्यांच्या चुकाही सांगून टाकल्या. स्वतः मात्र तो इथे मत देऊ शकत नाही, कारण आता तो अमेरिकेचा नागरिक आहे.

मनात असतं तेही मत आणि यंत्राचं बटण दाबून देतो तेही मत. गावात राहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. देश सोडला की दोन्ही मतं वेगळी होतात, आणि कुणाकडे कुठलं राहतं हे बहुतेक वेळा खिशातल्या कागदावर ठरतं. ही गोष्ट व्हॉट्सअॅपपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवात पंडिता रमाबाईंपासून करावी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला. पुढची जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत फिरून त्यांनी जे पाहिलं ते मराठीत लिहिलं. ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये छापून आलं. वरवर प्रवासवर्णन, पण वाचताना कळतं की बाईंचा एक डोळा सतत घराकडे आहे. राजा नसलेलं राज्य कसं चालतं, बायका संस्था कशा काढतात, हे त्या सांगतात ते राणीच्या राज्यातल्या वाचकाला. आणि भारावून जाऊन गप्प बसत नाहीत. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्या लिहितात. तिकडचं सगळं सोन्याचं किंवा तिकडचं सगळं भ्रष्ट, या दोनच तऱ्हा आज ऐकू येतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

रमाबाईंबरोबर दुसरी एक गोष्टही मायदेशी आली: पैसा. बॉस्टनमध्ये १८८७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं. त्यावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. मग ‘केसरी’तून टीका सुरू झाली की विधवांच्या शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतर चाललंय. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कुणाचं किती खरं हा वेगळा विषय. मात्र ‘परदेशी पैसा येतो तेव्हा त्याबरोबर काय येतं?’ हा प्रश्न पुण्यात तेव्हापासून विचारला जातोय, एवढं नक्की.

पुढच्या पिढीला मताची किंमत रोख मोजावी लागली. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे नंतरचे सेनापती बापट, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबराला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर जाहीर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनच्या इंडिया हाउसची स्थापना करणाऱ्या श्यामजी कृष्ण वर्मांचं नाव १९०९ मध्ये वकिलांच्या यादीतून काढलं गेलं. त्याच वर्षी सावरकरांना परीक्षा पास होऊनही बॅरिस्टरीची सनद मिळाली नाही. हे सगळे शिकलेले, इंग्रजी जाणणारे लोक. त्यांचं राजकारण मायदेशातच पक्कं झालेलं होतं, लंडनने त्याला धार लावली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळंच घडलं, आणि मला विचाराल तर या साऱ्या इतिहासाचा गाभा तिथे आहे. लाकडाच्या गिरण्यांत काम करणारे पंजाबी मजूर तिथे राजकारण करायला गेले नव्हते, चार पैसे कमवायला गेले होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने त्यांना मारहाण करून हुसकून लावलं. जपानी मजुराला त्रास झाला की जपानचं सरकार विचारणा करतं, आपल्यासाठी कुणी बोलत नाही. घरी गुलाम म्हणून इथेही लाथा, असा सरळ हिशेब त्या माणसांनी मांडला. १९१३ मध्ये इंग्रजी राज्य उलथवायला निघालेला गदर पक्ष उभा राहिला तो या हिशेबावर. परदेशातल्या अपमानातून मायदेशाचं राजकारण जन्मल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

त्या गिरणी कामगारांत एक वऱ्हाडी बोलणारा माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनला शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या उभारणीत पहिल्या फळीत होते. महायुद्धात ते इराणपर्यंत पोहोचले, बेत फसले, आणि अखेर १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवायचं आणि मक्याच्या जाती सुधारायच्या, हे त्यांचं काम. मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने काढलेल्या चित्रात लोकांना भाकरी वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे त्यांना दशकानुदशकं मायदेशी परतता आलं नाही. १९६७ मध्ये ते नागपुरात वारले. मेक्सिकोत भिंतीवर, नागपुरात कितीजणांना नाव ठाऊक, कुणास ठाऊक.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी बाहेरच्या भारतीयांना सांगितलं की जिथे राहता तिथले व्हा. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांशी संबंध जपायचे तर ते शहाणपणाचंही होतं. त्याचा चटका पूर्व आफ्रिकेतल्या लोकांना बसला. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत चालते व्हायला सांगितलं, तेव्हा ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची जबाबदारी ब्रिटनची, ही दिल्लीची भूमिका होती.

अमेरिकेचं दार तोवर जेमतेम किलकिलं होतं. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागा होत्या. १९६५ चा कायदा आला आणि डॉक्टर, इंजिनिअर जाऊ लागले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या त्या पिढीच्या कथा प्रत्येक मराठी मंडळात ऐकायला मिळतात. डॉलर आठच असतात, प्रत्येक कथेत विमानतळ तेवढा बदलतो. या लोकांनी गणपती, दिवाळी अंक, नाटक असं सगळं उभं केलं. १९८१ मध्ये या मराठी मंडळांची मिळून संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ, झाली. राजकारण मात्र मंडळांच्या दाराबाहेर ठेवायचं, असा अलिखित नियम होता.

परदेशात राजकारण बाहेर ठेवण्याची ही रीत त्याआधीच एकदा मोडली होती, आणीबाणीने. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी ‘इंडियन्स फॉर डेमोक्रसी’ ही संघटना काढली, दूतावासापुढे निदर्शनं केली. दिल्लीने काहींचे पासपोर्ट रद्द केले. परक्या देशात विद्यार्थी व्हिसावर असताना पासपोर्ट जाणं म्हणजे काय, हे एच-वनवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असणाऱ्याला समजावून सांगायला नको. तिकडे ब्रिटनमध्ये संघाशी जवळीक असलेल्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ इंडिया सोसायटी इंटरनॅशनल’ उभी केली. समाजवादी, सर्वोदयी, संघवाले, सगळे एका कारणासाठी परदेशात बोलत होते. आज त्यांचे वारस एका खोलीत बसणं कठीण. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९७६ चा आहे, म्हणजे ऐन आणीबाणीतला. पुढे आलेल्या कुठल्याही सरकारने ते हत्यार म्यान केलं नाही. २०१० मध्ये नवा कायदा आला तो अधिक कडक होऊन.

मग १९९१. अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांत ठेवलेले डॉलर भराभर काढून घ्यायला सुरुवात केली आणि आधीच खंगलेली परकीय चलनाची गंगाजळी आणखी आटली. सोनं विमानाने लंडनला गेलं त्या उन्हाळ्यात दिल्लीला कळलं की या लोकांना विसरून चालत नाही. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बॉण्ड काढून अनिवासींकडून ४.२ अब्ज डॉलर गोळा केले. देशप्रेम होतंच, व्याजही चांगलं होतं. त्यानंतर सरकारचा सूर बदलला. ९ जानेवारी २००३ ला पहिला प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला. गांधीजी आफ्रिकेतून परतले ती ही तारीख. २००५ च्या सुमारास परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आलं.

या कार्डाला लोक ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. ते तसं नाही. व्हिसाशिवाय येता येतं, फ्लॅट घेता येतो, शेतजमीन नाही. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, राजकीय पक्षाला देणगीही नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर आधी विशेष परवानगी. मोदींच्या सभांना सभागृहं भरवून टाळ्या वाजवायला मात्र कुठल्याच कार्डाची आडकाठी नाही: २०१४ मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, २०१९ मध्ये ह्यूस्टनचं मैदान. आणि विरोधात फलक धरणारेही त्याच मैदानांच्या बाहेर उभे होते, हे टीव्हीवर कमी दिसलं.

मायदेशाचं राजकारण परदेशात गेलं की तिथलंही होऊन बसतं, याचं ताजं उदाहरण सिअॅटलचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक संमत केलं, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं. दोन्ही ठिकाणी बाजूने आणि विरोधात बोलायला आलेल्यांत आपलीच माणसं होती. ‘जात आम्ही विमानतळावरच सोडून आलो’ म्हणणारे एकीकडे, ‘ऑफिसात पहिल्या आठवड्यात आडनाव विचारलं गेलं’ म्हणणारे दुसरीकडे. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले होते, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

आता दुसऱ्या मताकडे, बटणाच्या. २०१० पर्यंत नोकरीसाठी बाहेर गेलेल्याचं नाव ‘सर्वसाधारण रहिवासी’ नाही म्हणून यादीतून उडायचं. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ घातलं गेलं: भारतीय पासपोर्ट असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर पासपोर्टावरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवा. मात्र मत द्यायला स्वतः या, मूळ पासपोर्ट हातात घेऊन. २०१८ मध्ये लोकसभेने बदली माणसाकरवी मतदानाचं विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत न येताच २०१९ मध्ये बारगळलं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ च्या लोकसभेला २५,६०६ अनिवासींनी मत दिलं. त्यातले २५,५३४ केरळचे. आखातातून कोळिकोड आणि मलप्पुरमकडे मतदारांची खास विमानं येतात, पक्षांच्या तिकडच्या शाखा ती भरतात. दुबईत दहाजणांच्या खोलीत राहणारा मल्याळी हाच आपल्याकडचा खरा राजकीय अनिवासी. त्याला कधीच नागरिकत्व मिळणार नसतं, परत घरीच यायचं असतं, त्यामुळे पंचायतीचा रस्ता त्याचा स्वतःचा रस्ता असतो. रत्नागिरी-रायगडातून कुवेत-सौदीला गेलेल्या कोकणी माणसाचीही अवस्था तीच, फक्त त्याच्यासाठी कुणी विमान भरत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून ५,०९७ अनिवासींची नावं यादीत होती. मत दिलं १७ जणांनी.

अमेरिकेत एच-वनवर असलेल्यांकडेही भारतीय पासपोर्ट असतो, म्हणजे मताचा हक्क असतो. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभा असलेला माणूस मतदानासाठी देशाबाहेर पडत नाही. परतताना व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकला तर नोकरी आणि घराचे हप्ते दोन्ही टांगणीला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं त्या शनिवार-रविवारी सुट्टीवर आलेली माणसं धावत विमानतळावर गेली, ती याच भीतीने. अशी माणसं तिकडच्या राजकारणावर हळू आवाजात बोलतात, इकडच्या राजकारणावर मोठ्याने. मला त्यात ढोंग दिसत नाही. जिथे बोलून काही गमवायचं नसतं तिथे आवाज चढतो, एवढंच.

गोव्यात हे सगळं एकाच घरात पाहायला मिळतं. आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर, वडील कुवेतला, मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. लिस्बनच्या नोंदणीत जन्म चढला की युरोपचं दार उघडतं, ब्रेक्झिटपूर्वी ब्रिटनचंही उघडायचं. पण आपल्या कायद्याप्रमाणे परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. मग वाद: नुसती नोंदणी म्हणजे नागरिकत्व की पासपोर्ट काढल्यावर? निवडून आलेल्या आमदारांवरही हा आक्षेप घेतला गेलाय. ज्यांचा भारतीय पासपोर्ट या कारणाने रद्द झाला त्यांना ओसीआयही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्याचं प्रमाणपत्र त्यासाठी चालेल असं ठरलं, तेव्हा थोडी वाट मोकळी झाली.

ही माणसं डिसेंबरात गावी येतात. घर उघडतात, छपरावरची कौलं बदलतात, शेजारचा डोंगर कुणी कापला याची चौकशी करतात, ग्रामसभेत मागे उभी राहून ऐकतात. त्यांना मत असतं, आणि ते बहुधा गावात राहणाऱ्यांपेक्षा कडक असतं. २०२४ च्या लोकसभेला गोव्याच्या यादीत अनिवासी मतदार होते ८४. मत द्यायला आलं, शून्य.