झडीच्या दिवसांत फ्रीज थांबतच नाही, तेव्हा

जांबोटी, कणकुंबीकडे जुलैची झड लागली की डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं, आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. खानापूर असो की बेळगाव, पहिला अंदाज ठरलेला: गॅस संपला. पण फ्रीजमधला गॅस वापरून संपत नसतो, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅसही निघून जाणार.

आधी दाराचं रबर तपासा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा आत जाते. चारही बाजू बघा, बिजागरीकडची विसरू नका. पावसाळी हवा म्हणजे वाफ. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 2,500 ज्यूल उष्णता सुटते, त्याचा बर्फ होताना आणखी 334. ती सगळी कॉम्प्रेसरनेच बाहेर काढायची. वर तो बर्फ थंड पत्र्यावर गोधडीसारखा बसतो आणि आतला गारवा अडवतो.

रबराच्या घडीतला चिकटा कोमट साबणपाण्याने, जुन्या टूथब्रशने काढा. चपटं झालं असेल तर हेअर ड्रायरने जरा गरम करून बोटांनी फुगवा. फाटलं असेल तर बदलाच.

साध्या फ्रीजमध्ये बर्फ 5-6 मिलिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने खरवडू नका. पत्र्याला भोक पडलं की गॅस खरंच जातो. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये आतल्या मागच्या पॅनेलवर बर्फ दिसला तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडलेला असू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

आतली उष्णता बाहेर टाकणारी मागची काळी जाळी प्लग काढून ब्रशने झाडा, भिंतीपासून 10 सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. जाळी दिसत नसेल तर ती बहुधा बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा गरम लागणारच, पण त्याला तांदळाची पोती टेकवू नका.

मग मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात रात्रभर थर्मामीटर बुडवा. सकाळी 3 ते 5 अंश दिसले आणि फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल, तर काळजी नको. तो कमी वेगाने बराच वेळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. सगळं करूनही 8 अंशांच्या वर असेल, आणि साध्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये पत्र्याचा एकच कोपरा गोठत असेल, तर मात्र गॅसची शंका खरी. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-600ए नावाचा गॅस असतो, आणि तो पेट घेतो. मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात, ते मेकॅनिकला आधी दाखवा. जोडकाम दारं-खिडक्या उघडून, आधी गॅस पूर्ण बाहेर काढूनच करायला सांगा.